दुखऱ्या शरीराला साजेशी स्व-मदत : नैराश्यातून जातानाचा अनुभव

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, जडल्यानंतर काही वर्षांनी मला नैराश्यही असल्याचे निदान झाले आणि औषधांचा विचार करण्याआधी मार्गदर्शनाखालील स्व-मदतीचा मार्ग घेऊन पाहावा असे ठरले. त्या काळात मी काय केले, त्यातले काय उपयोगी पडले आणि कोणत्या गोष्टी आजारी शरीराला साजेशा करून घ्याव्या लागल्या, ते येथे सविस्तर लिहीत आहे. स्व-मदतीच्या बहुतेक पुस्तिका वाचणाऱ्याचे शरीर ठरवले तसे चालते, हे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. ज्यांचे शरीर तसे चालत नाही त्यांनी ही साधने टाकून देऊ नयेत, पण जशीच्या तशी वापरूही नयेत, असे माझे या अनुभवानंतर ठाम मत झाले आहे.

माझे नैराश्य बराच काळ कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण त्याचे प्रत्येक लक्षण आमवाताच्या खात्यावर जमा होत होते. थकवा असे, तो आजाराचा म्हणून. झोप मोडे, ती मनगटे ठणकतात म्हणून. जेवण जात नसे, ते गोळ्यांमुळे. आणि कोणाकडे जावेसे वाटत नसे, तर सकाळी तासभर बोटे आखडलेली असताना कोणाला कुठे जावेसे वाटेल, असे म्हणून सगळे समजून घेत. हे समजून घेणे प्रेमापोटीच होते, पण त्यामुळे जो प्रश्न विचारायला हवा होता तो राहून गेला. शेवटी तो विचारला गेला नेहमीच्या तपासणीच्या वेळी, एका छापील कागदावर. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांविषयी तिच्यात ९ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ असे गुण, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम ते तीव्र आणि तीव्र असे टप्पे सुरू होतात. माझे गुण मध्यम टप्प्यात आले.

त्या गुणांवर माझा लगेच विश्वास बसला नाही, आणि तो न बसण्याला कारणही होते. झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतला संथपणा हे पाच प्रश्न असे आहेत की ज्याचे सांधे सुजले आहेत तो माणूस मनाने अगदी ठीक असला तरी त्यांत त्याला गुण पडू शकतात. ही अडचण तज्ज्ञांनाही ठाऊक आहे. झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ मध्ये रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांसाठी १४ प्रश्नांची जी वेगळी प्रश्नावली तयार केली, तिच्यातून थकवा आणि निद्रानाश यांसारखी शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळली होती. माझ्या डॉक्टरांनी दुसरा कागद काढला नाही. त्यांनी पहिल्या दोन प्रश्नांवर, म्हणजे कशातही रस न वाटणे आणि उदास किंवा हताश वाटणे यांवर बोट ठेवले आणि विचारले, "समजा, उद्या सकाळी उठलात आणि एकही सांधा दुखत नाही. पहिल्यांदा काय कराल?" मी बराच वेळ विचार केला आणि मला एकही गोष्ट सुचली नाही. दुखण्यामुळे एखादी गोष्ट करता येत नसली तरी ती करण्याची इच्छा आत शिल्लक असते. माझी इच्छाच उरली नव्हती. दीर्घ आजार असलेल्या ज्या कोणाला आपल्या उदासीविषयी शंका असेल, त्याने डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी हा एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

स्व-मदत सुरू करण्याआधी शरीराच्या बाजूची कारणे तपासली गेली. ही पायरी कोणीही गाळू नये. थायरॉइडचे काम मंदावले असेल, रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर माणूस नैराश्य आल्यासारखाच दिसू शकतो, आणि मग मनावर कितीही मेहनत घेतली तरी मूळ कारण जागच्या जागी राहते. मला त्या काळात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही सुरू होते. त्याने झोप उडू शकते, चिडचिड होऊ शकते आणि मनःस्थिती दोन्ही दिशांना हेलकावे खाऊ शकते, हे तोपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते. (स्टिरॉइड मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते, कारण शरीराची स्वतःचे स्टिरॉइड तयार करण्याची यंत्रणा तोवर मंदावलेली असते, माझा डोस डॉक्टरांनी हळूहळू उतरवला.) आमवातात शरीरभर जो दाह चालू असतो त्यातली काही प्रथिने मेंदूवरही परिणाम करतात, त्यामुळे मरगळ येते आणि माणसांत मिसळावेसे वाटेनासे होते, हेही त्यांनी समजावले. हेपटायटिस-सी या यकृताच्या आजारासाठी पूर्वी इंटरफेरॉन या अशाच एका प्रथिनाची इंजेक्शने दिली जात, तेव्हा आधी कधीही मानसिक त्रास नसलेल्या कितीतरी रुग्णांना उपचार चालू असताना नैराश्य येत असे, हे त्यांनी दिलेले उदाहरण मी विसरलेले नाही. आपल्या स्वभावात काहीतरी उणे आहे, आपण खंबीर नाही, ही जी टोचणी मी स्वतःला लावून घेतली होती, ती त्या दिवशी बरीच बोथट झाली.

दीर्घकालीन शारीरिक आजार असलेल्या माणसांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दोन ते तीन पट असते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००९ मध्ये नेमक्या अशा रुग्णांच्या नैराश्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत उपचारांची पायऱ्यापायऱ्यांची रचना सुचवली. सौम्य ते मध्यम त्रासासाठी खालच्या पायरीवर जे उपाय आहेत त्यांत मार्गदर्शनाखालील स्व-मदत, सारखाच आजार असलेल्यांचा आधारगट आणि गटाने करायचा व्यायाम हे येतात. मार्गदर्शनाखालील स्व-मदतीत लिखित साहित्य रुग्णाने स्वतः वापरायचे असते आणि एक प्रशिक्षित व्यक्ती सहा ते आठ वेळा, प्रत्यक्ष किंवा फोनवर, साधारण ९ ते १२ आठवड्यांच्या काळात त्याचा आढावा घेते. मला हा मार्ग पटला, कारण नव्या गोळ्यांची यादी वाढवायची माझी तयारी नव्हती, आणि दर आठवड्याला कुठे प्रवास करून जाणे माझ्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरण आलेले बरे असे वाटण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. माझे त्या प्रश्नाचे उत्तर शून्य होते, तरीही माझा आढावा घेणाऱ्या समुपदेशिकेने पहिल्याच बोलण्यात माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली : असा विचार एकदा जरी आला तरी पुस्तिका बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा मदतवाहिनीशी बोलायचे. स्व-मदतीचा पल्ला कुठे संपतो हे सुरुवातीलाच स्पष्ट झाल्यामुळे पुढचे सगळे मी निर्धास्तपणे करू शकले.

पहिले काम नोंदींचे होते. दिवसाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात काय केले ते लिहायचे आणि मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे. माझ्यासाठी तिथेच अडचण आली, कारण पेन धरला की अंगठ्याच्या बुडाशी कळ उठत असे. समुपदेशिकेने सुचवल्याप्रमाणे मी पेनाभोवती फोमची जाड नळी बसवली, आणि ज्या दिवशी तेही जमत नसे त्या दिवशी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला. मनःस्थितीच्या रकान्याशेजारी आम्ही वेदनेचा आणखी एक रकाना जोडला. हा रकाना पुस्तिकेत नव्हता, आणि पुढचे सगळे काम त्याच्या आधारावर उभे राहिले. माझी अशी खात्री होती की जिथे वेदना जास्त तिथे मन खाली, म्हणजे वेदना कमी झाल्याशिवाय मन सुधारणार नाही. नोंदी तसे सांगत नव्हत्या. सकाळच्या वेळी, जेव्हा बोटे सर्वांत जास्त आखडलेली असत, तेव्हा मनाचे गुण मधलेच असत. ते सर्वांत खाली जात ते दुपारी, वेदना बरीच ओसरल्यावर, आणि तेही विशेषतः ज्या दिवशी मी कोणाला तरी 'आज जमणार नाही' असे कळवलेले असे त्या दिवशी. दुखणे आणि उदासी यांचे घड्याळ वेगवेगळे चालते आहे हे कागदावर दिसल्यावर, दुखणे जसेच्या तसे राहूनही उदासी कमी होऊ शकेल, हे मला पहिल्यांदाच शक्य कोटीतले वाटू लागले.

त्यानंतरचा टप्पा कृतींचा. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, त्यामुळे समाधान देणारे प्रसंग कमी होतात, आणि ते कमी झाले की मन आणखी खचते, ही मांडणी पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात पुढे आणली. त्यावर उभारलेल्या पद्धतीत मन तयार होण्याची वाट न पाहता आधी लहान कृती ठरवून करायची असते. नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ हा कृतींचा भागही विचारांवर काम करणाऱ्या संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला होता. 'आधी करा, वाटेल नंतर' हे सूत्र म्हणून मला पटले. पण ज्याला आमवात आहे त्याने ते शब्दशः पाळले तर काय होते हेही मला ठाऊक होते, कारण आजारात मी नकळत तेच करत आले होते. बरे वाटणारा दिवस उजाडला की साठलेली सगळी कामे उरकायची, आणि मग दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळायचे. वेदनांवर काम करणारे तज्ज्ञ या चक्राला चांगलेच ओळखून आहेत. त्यावर ते कामाची मात्रा ठरवून घेण्याचा उपाय सांगतात : वाईट दिवशीही झेपेल तेवढे प्रमाण आधी शोधायचे, चांगल्या दिवशीही त्याच्या फार पुढे जायचे नाही, आणि ते प्रमाण अगदी थोडे थोडे वाढवत न्यायचे.

वरवर पाहता या दोन शिकवणींची ओढ विरुद्ध दिशांना आहे. एक म्हणते, मन नाही म्हणाले तरी उठा. दुसरी म्हणते, शरीर हो म्हणाले तरी थांबा. माझ्या समुपदेशिकेने त्या एकत्र बसवल्या, आणि मला या संपूर्ण काळात मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होय. आम्ही प्रत्येक कृतीच्या तीन आवृत्त्या लिहून काढल्या. उदाहरणार्थ, 'मैत्रिणीला भेटणे' या कृतीची चांगल्या दिवसाची आवृत्ती होती तिच्या घरी जाऊन तासभर बसणे; मधल्या दिवसाची, तिला आपल्याकडे बोलावणे आणि अर्ध्या तासात निरोप घेण्याचे आधीच सांगून ठेवणे; आणि वाईट दिवसाची, पडल्या पडल्या तिला एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवणे. सकाळी सांध्यांची स्थिती पाहून आवृत्ती निवडायची मुभा मला होती, पण कृती रद्द करण्याची नव्हती. थांबायचे ते घड्याळाकडे पाहून, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही, हा दुसरा नियम. पहिल्या नियमाने दुपारची ती घसरण हळूहळू उथळ केली, कारण 'आज जमणार नाही' असे पूर्णतः कळवण्याची वेळच येईनाशी झाली. आवाजी निरोप गेला म्हणजे भेट झाली असे मैत्रिणीने आणि मी दोघींनी ठरवून टाकले होते.

काही कृती मात्र कोणत्याच आवृत्तीत परत येणार नव्हत्या. माझ्यापुरते ते विणकाम होते. वर्षानुवर्षे संध्याकाळी माझ्या हातात सुया असत, आणि बोटांचे सांधे बिघडल्यावर सर्वांत आधी त्या सुटल्या. 'पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी पुन्हा सुरू करा' असे पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. ते वाक्य माझ्या बाबतीत फारच जड पडले, आणि ते मी समुपदेशिकेला तसे स्पष्ट सांगितले. तिने मला विणकामातून काय काय मिळत होते ते सुटे करून लिहायला सांगितले. यादी करताना ध्यानात आले की लोकरीशी माझे नाते फारसे नव्हतेच. मला हवी असे ती घरातल्या माणसांच्या गप्पांमध्ये बसून राहण्याची मोकळीक, हळूहळू काहीतरी आकाराला येताना पाहण्याचा आनंद, आणि ते कोणाला तरी देता येणे. यातले पहिले सुयांशिवायही शक्य होते. मी संध्याकाळी पुन्हा सगळ्यांत जाऊन बसू लागले. उरलेल्या दोहोंसाठी मी भाच्याकरता गोष्टी रचून फोनवर ध्वनिमुद्रित करू लागले, एका वेळी पाच मिनिटे, भाग पाडून. विणकाम गेल्याचे दुःख त्यामुळे संपले असे मी म्हणणार नाही. त्या दुःखाला दुःख म्हणून वेगळी जागा मिळाली आणि ते नैराश्याच्या ढिगात मिसळेनासे झाले, एवढे खरे.

विचारांवर काम करण्याचा भाग मला सर्वांत अवघड गेला. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत मनात आपोआप उमटणारे विचार टिपायचे, त्यांच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे लिहायचे आणि मग अधिक समतोल विचार मांडायचा असतो. पण दीर्घ आजारात कितीतरी कटू विचार खरेच असतात. 'हा आजार आयुष्यभर राहणार आहे' याच्या विरुद्ध पुरावा शोधायला बसणे म्हणजे स्वतःला फसवणे होते, आणि ते केले असते तर माझा या सगळ्यावरचाच विश्वास उडाला असता. आम्ही मग प्रत्येक वाक्याचे दोन तुकडे केले : डॉक्टरांनी सांगितलेले किंवा अहवालात दिसणारे तेवढे एका रकान्यात, आणि त्याला मी जोडलेले शेपूट दुसऱ्या रकान्यात. 'आजार आयुष्यभर राहणार' हा पहिला तुकडा, त्याला हात लावायचा नाही. 'म्हणून पुढचे प्रत्येक वर्ष आधीच्याहून वाईट असणार' हे शेपूट, आणि त्याला मात्र पुरावा मागायचा. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध सुरू झाल्यानंतरचे माझे रक्ताचे अहवाल समोर होते, आणि त्यांतले दाहाचे आकडे सलग चढत गेलेले नव्हते. ते वर जाऊन पुन्हा खाली आले होते.

'मी घरच्यांवर ओझे झाले आहे' हे माझे दुसरे शेपूट. त्याचा पुरावा कागदावर मिळण्यासारखा नव्हता, तो विचारूनच मिळवावा लागणार होता, आणि विचारण्याची मला भीती वाटत होती. समुपदेशिकेने सुचवले की 'मी ओझे आहे का' असे विचारू नकोस, त्याला कोणीही नाहीच म्हणेल. माझ्या आजारातले तुला सर्वांत जड काय जाते, असे विचार. मी धाकट्या बहिणीला विचारले. ती म्हणाली, "ताई, तू दुखतंय म्हणालीस की काय करायचं ते मला कळतं. तू काही न बोलता आत निघून जातेस ना, तेव्हा मला काही सुचत नाही." हे उत्तर मला धीर देण्यासाठी दिलेले नव्हते, आणि म्हणूनच मला ते पुरावा म्हणून मान्य करता आले. तिला जड जात होते ते माझे बोलणे टाळणे, आणि बोलणे माझ्या हातात होते. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी आकड्यांत बोलायचे ठरवले. मी नुसते "आज सात" म्हणाले की तिने काही विचारायचे नाही आणि मी काही समजावायचे नाही.

या फोनवरच्या मार्गदर्शनाबरोबरच मी एका आधारगटात जाऊ लागले. केट लोरिग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात आधी संधिवाताच्या आणि पुढे सर्वच दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी जो स्वव्यवस्थापनाचा कार्यक्रम घडवला, त्या पठडीतला तो होता : सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि चालवणारे दोघे प्रशिक्षित असले तरी डॉक्टर नव्हेत, स्वतः दीर्घ आजारासह जगणारे. गटात मधुमेहाचे, हृदयाचे, आतड्यांच्या आजाराचे असे सगळे जण होते. वेगवेगळ्या आजारांच्या माणसांना एकत्र बसवून काय साधणार, ही माझी शंका पहिल्याच बैठकीत फिटली, कारण थकवा, रात्रीची काळजी आणि भेटी रद्द करण्याची लाज ही सगळ्यांची सारखीच होती. बैठकीचा कणा म्हणजे आठवड्याचा संकल्प. काय करणार, किती, केव्हा आणि आठवड्यातून किती वेळा हे मोठ्याने सांगायचे, आणि मग ते पार पडेल याची स्वतःला किती खात्री वाटते त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. सातपेक्षा कमी आले की संकल्प लहान करायचा. यामागे अल्बर्ट बांडुरा यांची १९७७ मधली मांडणी आहे : 'हे मला जमेल' हा विश्वास उपदेशाने वाढत नाही, तो लहान यशांनी आणि आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहून वाढतो.

एका बैठकीचे दृश्य सांगते. मधुमेह असलेल्या एका गृहस्थांचा रोज चालण्याचा संकल्प पार मोडला होता आणि मान खाली घालून ते तसे सांगत होते. चालवणाऱ्या बाईंनी 'का नाही जमले' असे विचारले नाही. त्यांनी गटाकडे वळून विचारले, "असे आणखी कोणाचे झाले आहे? तेव्हा तुम्ही काय केले?" पाच-सहा जणांनी आपापले सांगितले, फळ्यावर ते लिहिले गेले, आणि त्या गृहस्थांनी त्यातले एक निवडले : घराबाहेर पडून फक्त कोपऱ्यापर्यंत जायचे, आणि तेही आठवड्यातून तीनदाच. त्यांनी खात्रीला आठ गुण दिले. नैराश्यात आपण सतत घेणारे आहोत, देणारे नाही, ही जाणीव माणसाला कुरतडत असते. त्या फळ्यावर मी सुचवलेलीही एक ओळ होती, आणि तिचे मला जे वाटले ते कोणत्याही पुस्तिकेतून मिळाले नसते.

गटाचा एक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटला : कोणीही कोणाला औषध, काढा किंवा पूरक गोळी सुचवायची नाही. दीर्घ आजाराच्या माणसाला सगळीकडून उपाय सुचवले जात असतात, आणि नैराश्याच्या बाबतीत 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणून दिल्या जाणाऱ्या गोष्टी निर्धोक असतातच असे नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती याचे ठळक उदाहरण आहे. सौम्य नैराश्यासाठी ती अनेक ठिकाणी सहज मिळते, पण वॉर्फरिन, डिगॉक्सिन, सायक्लोस्पोरिन, गर्भनिरोधक गोळ्या अशा औषधांचे रक्तातले प्रमाण ती कमी करते, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर गंभीर त्रास होऊ शकतो. ज्याच्या औषधांच्या डबीत आधीच अनेक गोळ्या आहेत त्याने डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय असे काहीही सुरू करू नये.

गटाच्या बैठका चालू असतानाच माझा आमवात उफाळला. दोन्ही मनगटे आणि गुडघे सुजले, आणि नोंदवहीतली सगळी चांगल्या दिवसांची पाने निरुपयोगी झाली. अशा वेळेसाठीचा कागद आम्ही आधीच तयार करून ठेवला होता, आणि तो आधी तयार असणे फार गरजेचे आहे, कारण अंगात कणकण आणि मनात अंधार असताना काय करायचे ते सुचत नाही. त्या कागदावर वाईट दिवसाच्या आवृत्त्या होत्या, कोणाला काय कळवायचे त्याचे तयार मजकूर होते, सांध्यांच्या डॉक्टरांना किती दिवसांत गाठायचे ते होते, आणि 'या आठवड्यात विचारांचा तक्ता भरायचा नाही' असेही लिहिलेले होते. हे शेवटचे मला फार पटले, कारण ताप आणि ठणका असताना काढलेले निष्कर्ष तपासत बसण्यात शक्ती वाया जाते. गटाला मी फोनवरून हजेरी लावली. माझा त्या आठवड्याचा संकल्प दिवसातून एकदा पडदा सरकवून खिडकीशी पाच मिनिटे बसण्याचा होता आणि कोणालाही तो लहान वाटला नाही. उफाळा ओसरल्यावर मी मधल्या आवृत्त्यांपासून सुरुवात केली, एकदम चांगल्या दिवसांवर उडी मारली नाही.

झोपेसाठी उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे आणि दुपारची झोप आवरणे एवढेच मी केले. व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या हालचाली. दोन्हींचा उपयोग झाला, पण त्यांविषयी माझ्याजवळ वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

मार्गदर्शनाचा काळ संपला तेव्हा माझे गुण सौम्य टप्प्याच्या खालच्या भागात आले होते. ते पूर्ण शून्यावर येणार नाहीत, कारण झोप आणि थकव्याच्या प्रश्नांना आमवाताचे गुण राहणारच, हे आम्ही गृहीत धरले होते; म्हणून समुपदेशिकेने एकूण बेरजेपेक्षा पहिल्या दोन प्रश्नांवर नजर ठेवायला सांगितले. गटातल्या आमच्यापैकी एकीला याच मार्गाने पुरेसा फरक पडला नाही. तिने पुढच्या पायरीवर जाऊन नैराश्यावरच्या गोळ्या आणि समोरासमोरचे मानसोपचार सुरू केले, आणि ती गटात येतही राहिली. पायऱ्यांची रचना असते ती त्यासाठीच. स्व-मदतीने भागले नाही म्हणजे आपण कमी पडलो, असे कोणीही स्वतःला म्हणू नये. खालच्या पायरीवर पुरेसा वेळ देऊनही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बदलत नसतील, तर वर जाण्याची मागणी स्वतःहून करावी.

सध्या दर तपासणीच्या वेळी रक्ताच्या अहवालांबरोबर मी ती प्रश्नावलीही भरून देते. माझ्या बाबतीत घसरण कशी सुरू होते याची चिन्हे लिहिलेला कागद बहिणीकडे आहे : निरोपांना उत्तर द्यायला उशीर, गोष्टींचे ध्वनिमुद्रण बंद, 'आज किती' याला 'ठीक आहे' असे उत्तर. यातली दोन चिन्हे सलग दोन आठवडे दिसली, तर मला न विचारता समुपदेशिकेची वेळ घ्यायची, असे आमचे ठरलेले आहे. एकदा तिने तशी वेळ घेतली आणि मी गेले.